मागच्याच्या मापाची पायरी

गिर्यारोहक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकटा, कणखर, स्वतःच्या हिमतीवर माथा गाठणारा माणूस उभा राहतो. बर्फाच्या डोंगरावर मित्रांसोबत एक दिवस चालून आलं की हे चित्र टिकत नाही. कोण कोणाच्या जिवावर चालतंय, ते तिथे जमिनीवर उमटलेलंच असतं.

हिमाचलातलं हाटू शिखर मला यासाठी आवडतं. सिमल्यापासून साठेक किलोमीटरवर नारकंडा, आणि त्याच्या डोक्यावर सुमारे 3,400 मीटर उंचीचं हाटू. माथ्यावर हाटूमातेचं कोरीव लाकडी देऊळ आहे. सिमला-कुफरी करून परतणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना त्याचं नाव फारसं ठाऊक नसतं. वर जाणारा सात-आठ किलोमीटरचा अरुंद रस्ता हिवाळ्यात बर्फाखाली गडप होतो. मार्चमध्येही तो पुष्कळदा बंदच असतो. मग देवदार आणि खर्शूच्या रानातून पायीच चढायचं.

वसंतातला बर्फ घड्याळाप्रमाणे बदलतो. दिवसा उन्हानं वरचा थर पाझरतो. निरभ्र रात्री बर्फाची ऊब आकाशात निघून जाते आणि तोच थर गोठून टणक होतो. पहाटे त्यावर बूट घसरतो, सकाळी नीट टेकतो, दुपारी पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. म्हणून उजाडण्याआधी निघायचं आणि माथा आला नाही तरी ठरल्या वेळी मागे फिरायचं.

चढ उभा झाला की पुढचा माणूस बुटाच्या टोकानं बर्फावर लाथ मारतो. पहिल्या लाथेला वरचं कवच फुटतं, दुसरीला आत खळगा होतो, मग तो त्यात वजन टाकून बघतो. खळग्याच्या तळाशी बर्फ दाबला जाऊन किंचित निळसर दिसतो. मागचा त्याच खळग्यात पाय ठेवतो. चार माणसं गेली की तिथे चांगली पक्की पायरी होते. सगळ्यात जास्त दमतो तो पहिला, आणि सगळ्यात सोपी वाट मिळते शेवटच्याला. म्हणून थोड्या थोड्या वेळानं पुढचा बाजूला होतो, सगळ्यांना जाऊ देतो आणि रांगेच्या शेवटी लागतो.

यातली खरी मेख पायऱ्यांमधल्या अंतरात आहे. उंच, दणकट मित्र पुढे असला आणि त्यानं स्वतःच्या ढांगेप्रमाणे पायऱ्या पाडल्या, तर मागच्या ठेंगण्या मैत्रिणीला त्यांचा उपयोग शून्य. तिला दोन पायऱ्यांच्या मधे आपली वेगळी पाडावी लागते, म्हणजे दुप्पट कष्ट. जाणता माणूस पुढे गेला की आपली ढांग आखडती घेतो. त्याला ते अवघड जातं, पण सगळी रांग एका लयीत वर सरकते. पुढारपणाची याहून नेमकी कसोटी मला माहीत नाही. पुढे कोण आहे याला फारसं महत्त्व नाही. त्यानं कोणाच्या मापानं वाट केली, हे बघायचं.

मोठ्या शिखरांचा इतिहासही हेच सांगतो. 29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्याआधी तीन दिवस, 26 मे रोजी, त्यांच्याच मोहिमेतले बूर्डिलाँ आणि इव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतले होते. त्याच दिवशी जॉन हंट आणि दा नामग्याल यांनी शेवटच्या तळासाठीचं सामान जमेल तितकं वर नेऊन ठेवलं. बूर्डिलाँ-इव्हान्स यांनी वाटेत ठेवलेली प्राणवायूची नळकांडी तेनसिंग-हिलरींना उतरताना कामी आली. जगाला दोन नावं पाठ आहेत, पण ते दोघे इतरांनी पाडलेल्या पायऱ्यांवरून चढले होते.

सह्याद्रीतही आपण दुसऱ्यांच्याच वाटेनं चालतो. नाणेघाटाची फरसबंदी कोणी घातली, गडाच्या पायऱ्या कोणी खोदल्या, हे चढताना मनात येत नाही, कारण कातळावर कालचं पाऊल दिसत नाही. गाजलेल्या हिमशिखरांवरही तेच होतं. शेकडो बुटांनी वाट आधीच मळलेली असते आणि आपण ती आपल्या बळावर चढलो असं वाटू लागतं. फारसं कोणी न जाणाऱ्या डोंगरावर, ताज्या बर्फावर, हा भ्रम राहत नाही. आडवाटेच्या शिखराची थोरवी मला निवांतपणापेक्षा यात जास्त वाटते.

तेव्हा मार्च-एप्रिलात सवड काढा आणि अशा एखाद्या शिखरावर जा. स्थानिक वाटाड्या सोबत घ्या, काळा चष्मा विसरू नका, अंधारात निघा. पुढे चालण्याची पाळी सगळ्यांना द्या. आणि तुमची पाळी येईल तेव्हा, रांगेत सगळ्यात ठेंगणं कोण आहे ते आधी बघा आणि मगच पहिली लाथ मारा.