दुसऱ्याची बाजू

मराठीत नवी कादंबरी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यातला तो प्राध्यापक म्हणजे अमुकच ना?’ आणि आत्मचरित्र आलं की शंकाही ठरलेली: ‘इतकं सगळं आठवतं कसं? तिखटमीठ लावलेलं असणारच.’ कल्पनेतून लिहिलेल्या पुस्तकावर खरं असल्याचा आरोप आणि जगलेल्या आयुष्यावरच्या पुस्तकावर खोटं असल्याचा. पुस्तकांच्या गप्पा रंगतात त्या याच चौकशीवर. गंमत म्हणून ती ठीकच आहे. पण पुस्तक चांगलं की सुमार, याचा तिच्यातून काही पत्ता लागत नाही.

हा घोळ आपल्याकडे नवा नाही. ‘कोसला’ 1963 साली कादंबरी म्हणून आली, आणि तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकर या नावातलं सांगवी हे नेमाड्यांचंच गाव असल्यामुळे वाचकांनी तिच्यात लेखकाला शोधायला सुरुवात केली. 1978 सालच्या ‘बलुतं’ची गंमत उलटी. ते आत्मकथन, पण त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकून घेतो. एकाच माणसाची अशी दोन माणसं करून टाकणं ही अस्सल कादंबरीकाराची युक्ती. आनंद यादवांच्या ‘झोंबी’ने तर आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून दोन्ही दरवाजे उघडेच ठेवले, आणि 1990 साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळवला. ज्या भाषेतली महत्त्वाची पुस्तकंच अशी सीमेवर राहतात, तिथे खरं-खोटं करणारा वाचक शेवटी कंटाळतो. मी तरी कंटाळले, आणि दोन्ही प्रकारच्या पुस्तकांना एकच प्रश्न विचारू लागले: सांगणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला या पुस्तकात बाजू आहे का? लेखकाचं ज्याच्याशी बिनसलंय, त्याचंही एखादं वाक्य बरोबर निघतं का?

प्रश्न साधा वाटतो. पण त्याने बरीच पुस्तकं चाळून निघतात.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. आज कुणी हे आयुष्य लिहायला घेतलं, तर त्याची तक्रारवही व्हायला वेळ लागणार नाही. वडील असे, की सोवळ्याच्या धाकाने अख्खं घर जेरीस आलेलं. नवरा असा, की हातात पैसा टिकत नाही आणि पाय घरात टिकत नाही. 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्यानंतरची काही वर्षं म्हणजे नवरा जिवंत असून नसल्यासारखी; पुढे 1900 साली लक्ष्मीबाईंनीही तो स्वीकारला. हे सगळं त्या लिहितात, काहीही सौम्य न करता. तरी पुस्तक मिटल्यावर रेव्हरंड टिळक आपल्याला आवडू लागलेले असतात. त्यांचा विक्षिप्तपणा आणि त्यांचा चांगुलपणा एकाच मुळातून येतो, हे लक्ष्मीबाईंना दिसलेलं आहे. जो माणूस भुकेल्याला घरातलं देऊन टाकतो, तोच घरच्यांना उपाशी ठेवतो. त्या नवऱ्याची वकिली करत नाहीत, त्याला माफ केल्याचा आवही आणत नाहीत. फक्त त्याला पूर्ण उभा करतात. आणि सगळ्यात जास्त हसतात त्या स्वतःलाच.

आता अलीकडे भराभर निघणारी आत्मचरित्रं बघा. नावं घ्यायची गरज नाही, साचा ओळखीचा आहे. निवृत्त अधिकारी, नामवंत डॉक्टर, शून्यातून उभा राहिलेला उद्योजक. गावची शाळा, कंदिलाचा उजेड, पहिली नोकरी, एक दुष्ट वरिष्ठ, एक भला वरिष्ठ, बदली, सत्कार, मधोमध गुळगुळीत कागदावर मान्यवरांसोबतचे फोटो. शब्दांकन दुसऱ्या कुणाचं, त्यामुळे भाषाही इस्त्री केलेली. आणि ‘सौ.ची मोलाची साथ लाभली’ हे एक वाक्य, बहुधा मनोगतात. तीसेक वर्षं जी बाई बदलीच्या प्रत्येक गावी नव्याने संसार मांडत होती, मुलांच्या शाळा बदलत होती, तिला तीनशे पानांत एकदाही तोंड उघडायला मिळत नाही. या पुस्तकांत कुणी खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. पण त्यांत एकच माणूस राहतो, बाकीचे सगळे त्याच्या आयुष्यात कामाला आहेत.

1990 साली ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा एवढी खळबळ का उडाली, हे या साच्याच्या उजेडात कळतं. पु. लं.चं घर महाराष्ट्राला आपलंच वाटत होतं. त्या घरातली दुसरी बाजू त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी लिहिली, आणि अनेकांना तो घरभेदीपणा वाटला. पण त्या स्वतःलाही सोडत नाहीत. स्वतःचा हट्टी, टोकाचा काटेकोरपणा त्या इतका उघडा करतात, की अशा माणसाबरोबर राहणं किती अवघड असेल, हे वाचकाला त्यांच्याच लिहिण्यातून कळतं. हा लिहिणारीचा मोठेपणा. पु. लं.ची बाजू मांडायला पु. ल. लागत नाहीत.

कादंबरीला हे सोपं जायला हवं, कारण तिथे सगळीच माणसं लेखकाच्या हातची. प्रत्यक्षात तसं होत नाही. ‘मृत्युंजय’ (1967) हे मला कायम कुतूहलाचं उदाहरण वाटत आलंय. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, श्रीकृष्ण अशा सहा जणांनी सांगितलेली गोष्ट. रचना अशी, की सहा बाजू मिळायला हव्यात. पण सहाही जण एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत. प्रत्येकाच्या बोलण्यातून कर्णच मोठा होत जातो. मराठी वाचकांच्या पिढ्या या पुस्तकावर वाढल्या आणि त्याची धुंदी मीही अनुभवली आहे. तरी निवेदक वाढवले म्हणून बाजू वाढतात असं नाही, हा धडा मला याच कादंबरीने दिला. आपल्याकडच्या चरित्रात्मक कादंबऱ्या अजून त्याच वाटेने चालतात: नायकाला डाग नाही आणि विरोधकाला मेंदू नाही.

याच्या अगदी उलट टोकाला सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006). पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेला एक तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण. दोन्ही प्रेमं एकमेकांपासून लपलेली. पुस्तकाचे दोन भाग. पहिल्यात तनय त्या निघून गेलेल्या मुलाशी बोलतो. दुसऱ्यात अनुजाची डायरी. तनयचा भाग वाचताना आपण पूर्ण त्याच्या बाजूला गेलेले असतो, आणि अनुजा त्याला सोडून गेलेल्याबरोबर पळालेली बहीण एवढीच उरते. मग डायरी सुरू होते आणि तीच फसवली गेल्याचं कळतं. अनुजाचं दुःख घराला दिसतं. त्यावर कुजबुज होते, उपाय होतात, डॉक्टर होतो. तनयचं दुःख त्याच घरात, त्याच जेवणाच्या टेबलावर बसलेलं असतं. कुणाला ते असल्याचाही पत्ता नसतो. हा फरक कुंडलकर कुठेही समजावून सांगत नाहीत. दोन भाग शेजारी ठेवले की तो आपोआप दिसतो. तो पेइंग गेस्ट मात्र शेवटपर्यंत बिननावाचा, बिनबाजूचा. आधी मला ही उणीव वाटली. आता वाटतं, ज्याने दोघांनाही आपली बाजू सांगितली नाही, तो वाचकाला तरी का सांगेल?

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला 2023 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांच्या कादंबरीची आपल्याकडे विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’पासून (1991) एक वहिवाट आहे: मोठा पट, कचेऱ्या, मोबदला, दलाल, मोडलेली गावं. खोत हे सगळं मागे ठेवतात. त्यांच्या हातात उरतात देवाप्पा, जंगल आणि जुन्या गावी मागे राहिलेली म्हैस. विस्थापित माणूस ती म्हैस परत आणायला जातो. तोवर ती रानाची झालेली असते. दावं विसरलेली, माणसाला शिंगावर घ्यायला निघालेली. इथे माझ्यासाठी कादंबरी फिरते. ज्या देवाप्पाला त्याच्या मुलखातून उठवलं, तो आता दुसऱ्या जिवाला त्याच्या मुलखातून उठवायला आलाय. तिच्यापुढे सरकार म्हणून उभा आहे तो तोच. अन्याय झालेला माणूस दुसऱ्यासाठी काय असू शकतो, हा प्रश्न खोत भाषण न करता एका जनावराच्या तोंडून, म्हणजे तोंड न उघडता, विचारतात.

रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (2019) मी दमत दमत वाचली, हे सांगायला हवं. शतकांमागून शतकं आणि इतिहास समजावून सांगण्याचा लेखकाचा मोह यांनी मध्ये मध्ये जीव घाबरा होतो. पण तिचा डाव मोठा आहे. कुलवृत्तांत लिहिला जातो तो आपलं रक्त किती शुद्ध हे दाखवायला. इथे कुळाचा माग काढत जावं तशी सरमिसळच हाती लागते. वंशावळीत ज्यांना जागा नसते, त्यांना ती मिळते.

एकच घर एकाच लेखणीने दोनदा लिहिलेलं बघायचं असेल तर अरुंधती रॉय यांच्याकडे जावं. 1997 सालच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’मधल्या अम्मूला आयमेनेमच्या घरावर कायद्याने काहीच हक्क नाही; ती हरते आणि एकतिसाव्या वर्षी मरते. लेखिकेच्या प्रत्यक्षातल्या आई मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 1986 च्या निकालाने त्रावणकोरच्या सीरियन ख्रिश्चन मुलींना वडिलांच्या मालमत्तेत समान वाटा मिळवून दिला. त्यांनी कोट्टायमला शाळाही उभी केली. 2022 साली त्या गेल्या. त्यांच्यावरचं ‘मदर मेरी कम्स टू मी’ हे आत्मकथन 2025 मध्ये आलं, आणि त्यात जिंकलेली आई आहे. हजारो बायकांना हक्क मिळवून देणारी, आणि पोटच्या मुलांना सोसायला महाकठीण. हरलेल्या आईवर माया करणं सोपं होतं. जिने आपल्याला दुखावलं, तिचा पराक्रम कमी न करता लिहायला लेखिकेला आणखी अठ्ठावीस वर्षं लागली.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बोलूच दिलं नाही, त्यांच्याकडेही दुसऱ्याची बाजू मागायची? ‘बलुतं’ने गावाची बाजू मांडायची? मुळीच नाही. गावाच्या बाजूने ग्रंथांचे ढीग आधीच पडलेत. मल्लिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मधल्या (1984) रागाला समतोलपणाचा उपदेश करणं हा आगाऊपणा होईल, तिथे माझा प्रश्न मी खिशात ठेवते. पण बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (1986) वाचताना थबकायला होतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीवर झालेला अन्याय त्या सांगतात, आणि तेवढ्याच धारेने वस्तीतल्या घरांत सुनांचा होणारा छळही. हे लिखाण त्यांना अनेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवावं लागलं होतं. जिच्यावर सगळ्यांनी अन्याय केला, तिनेच तिच्यापेक्षा खाली असलेलीला पुस्तकात जागा दिली. म्हणजे ही अपेक्षा मी बाहेरून लादतेय असं नाही. आपल्या उत्तम आत्मकथनांनी ती आधीच पुरी केली आहे.

कादंबरीने आत्मकथनाकडून ‘मी’ उचलला, त्याची जखम उचलली, बोलीचा बाज उचलला. दुसऱ्याला बाजू देणं मात्र पुष्कळदा उचलायचं राहून गेलं. म्हणून अलीकडच्या कितीतरी कादंबऱ्यांत एक हळवा, समजूतदार नायक भेटतो, ज्याला बायको, बाप, साहेब आणि गाव यांपैकी कुणीच समजून घेत नाही. त्याने त्यांना समजून घ्यावं, असं लेखकाच्या मनात येत नाही.

तेव्हा दिवाळीच्या खरेदीत पुस्तकं चाळताना मलपृष्ठावरचा मजकूर सोडून द्यावा. निवेदकाला जो माणूस सगळ्यात नकोसा आहे, तो शोधावा आणि त्याची दोन पानं दुकानात उभ्यानेच वाचावीत. तो नुसता ओरडत असेल तर पुस्तक परत फळीवर. त्याने एखादं असं वाक्य म्हटलं असेल, की निवेदकाला उत्तर सुचत नाही, तर बेलाशक पैसे मोजावेत. मग ती कादंबरी असो की आत्मचरित्र, आणि त्यातला प्राध्यापक कुणीही असो.