कॅसेटमधली स्क्रीन

यावलला एक्स-रे काढणारे एक आबा होते. फिल्म आणि डार्करूमचे दिवस होते ते. केळीची गाडी भरताना पडलेले मजूर, सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेली खोकणारी पोरं, सगळी त्यांच्याच टेबलावर यायची.

आबांच्या फिल्म ठेवायच्या कॅसेटमधल्या स्क्रीन जुन्या होत्या, कॅल्शियम टंगस्टेटच्या. एडिसनने 1896 मध्ये पारखून काढलेलं ते रसायन. किरण पडले की निळसर उजळायचं आणि त्या उजेडानेच फिल्मवर हाडं उमटायची. पुढे 1970 नंतर गॅडोलिनियमच्या स्क्रीन आल्या. तेवढ्याच किरणांत त्या कितीतरी जास्त उजळत. निम्म्या किरणांत काम भागे.

आबांनी दवाखान्याच्या डॉक्टरांकडे त्या मागितल्या.

"फोटो जास्त चांगला येईल?"

"नाही साहेब, असाच येईल."

"पेशंट वाढतील?"

"त्यांना तर कळणारही नाही."

"मग एवढा खर्च कशाला?"

आबांनी एक फिल्म उजेडात धरली. बारा वर्षांच्या पोरीचा वाकलेला कणा होता तो. "ही दर सहा महिन्यांनी येते. वाढ पूर्ण होईपर्यंत येत राहणार. वाढत्या अंगाला किरण जास्त बाधतात, साहेब."

डॉक्टर बराच वेळ फिल्मकडे बघत राहिले. मग पैसे दिले.

नव्या स्क्रीनचा उजेड हिरवा, म्हणून फिल्मही हिरवा उजेड टिपणारी लागली. डार्करूममधला जुना पिवळट दिवा तिला सोसला नाही. पहिली फिल्म धुतली तर सगळी काळवंडलेली. आबांनी दिवा बदलून लाल लावला. मगच पोरीला बोलावलं. पोरीने श्वास रोखला, मशीन घरघरलं आणि लगेच थांबलं.

आईचा चेहरा उतरला. "आबा, आज लवकर बंद झालं. फोटो आला ना नीट?"

"आला, माय."

ओली फिल्म त्यांनी तिला दाखवली. मणका न् मणका मोजता येत होता.

किरण दिसत नाहीत, दुखत नाहीत. ज्याच्या अंगातून ते जातात, त्याला कमी द्या म्हणून सांगताही येत नाही. ते त्याच्या वतीने सामान निवडणाऱ्यानेच मागायचं असतं.

पुढच्या महिन्यात आबा पुन्हा डॉक्टरांकडे गेले. या वेळी हातात कार्बन फायबरच्या कॅसेटचा भाव होता. जुन्या कॅसेटच्या ॲल्युमिनियमच्या पुढच्या पत्र्यात पोरीच्या अंगातून आलेले काही किरण अडत होते, आणि तेवढे तिला जास्त द्यावे लागत होते.