वाकळेवरचं अक्षर

झालेली गोष्ट पुसून टाकावी का तशीच दिसू द्यावी, हा प्रश्न शिकलेल्या लोकांना पुतळ्यांवरनं आणि गावांच्या नावांवरनं पडतो. आमच्या भावकीत तो एका वाकळेवरनं पडला. वाकळ म्हणजे गोधडी. मला त्यात मत विचारलं गेलं, आणि मत देता देता माझ्याच ध्यानात आलं की हे दिसतं तेवढं सोपं नाही.

घरात तीन भाऊ आणि एक बहीण. म्हातारीच्या हातच्या नऊ वाकळा होत्या. जुन्या पिढीची बाई वाकळ शिवायची म्हणजे वरखाली लुगडं, आत नवऱ्याची फाटकी धोतरं, पोरांचे सदरे, असले पाचसहा थर. कडेनं सुरुवात करून धावदोरा घालत आत आत यायचं. एकेका वाकळेला उन्हाळा जायचा. म्हातारी गेल्यावर जमीन वाटली, भांडी वाटली, वाकळा तीन-तीन वाटल्या. पण धुवायला तिघींच्या वाकळा एकदमच नदीवर जायच्या. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघतं. तिथं एक वर्षी अदलाबदल झाली, त्यावरनं बायकांची तोंडं लागली, आणि थोरल्याच्या शहरात शिकलेल्या सुनेनं कापडावर लिहायचा पेन आणून प्रत्येक वाकळेच्या कोपऱ्यात अक्षर घातलं. थो, म, धा. भांडण मिटलं. तिनं काही वाईट केलं असं मी तेव्हाही म्हणालो नाही, आताही म्हणत नाही.

पुढं बारा वर्षं गेली. भाऊ परत एकमेकांच्या ओट्यावर बसायला लागले. पाण्याची पाळी वाटून घ्यायला लागले. थोरल्याच्या लेकीला मुलगा झाला, तेव्हा धाकट्याच्या बायकोनं ठरवलं की आपल्या वाट्याची इरकलीची वाकळ बाळाखाली घालायला द्यायची. द्यायची खरी, पण कोपऱ्यात ‘धा’ लिहिलेली कशी द्यायची? दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याच्या वाटणीचा शिक्का! ती घासायला बसली.

आता त्या शाईचं सांगतो, कारण सगळा पेच तिच्यातच आहे. साबण लावला, काही नाही. लिंबू-मीठ लावलं, ते लोखंडाच्या गंजाच्या डागाला लागू पडतं, इथं नाही. राकेलनं वास तेवढा आला. ही पक्की शाई पाण्यात विरघळतच नाही, तिला स्पिरिट लागतं. करोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली घरात पडून होती, तिच्यात स्पिरिटच असतं. ते ओतल्यावर अक्षर सुटलं. साधा सदरा असता तर खाली जुना फडका ठेवून वरनं टिपत गेलं की शाई फडक्यात उतरते, फडका हलवत राहायचं. पण वाकळेच्या खाली फडका ठेवणार कुठं? खाली आणखी पाच थर, सगळे टाक्यांनी बांधलेले. वरच्या लुगड्यातनं सुटलेली शाई खालच्या धोतरात गेली, बाजूला पसरली, आणि बोटभर अक्षराचा तळहाताएवढा निळसर काळा ढग झाला. ब्लीचिंग पावडर लावायची तर शाईबरोबर लुगड्याचा रंगही जाणार. म्हातारीचं लुगडं पांढरंफटक करून ‘धा’ घालवायचा, याला काय अर्थ?

माझी सून शिवणकाम करते. तिच्याकडं दुसऱ्या तऱ्हेचा पेन आहे, निळा. कापडावर रेघ मारायची, शिवून झालं की नुसत्या गार पाण्यानं जाते. पण ती म्हणते, त्या रेघेवर चुकून इस्त्री फिरली की ती कापडात बसते, मग निघता निघत नाही. गरम व्हायच्या आधी धुतली पाहिजे. हे ऐकून मी गप्प बसलो. आमच्या भावकीतल्या बऱ्याच गोष्टींवर वेळेआधी इस्त्री फिरलेली आहे.

तर प्रश्न असा. धाकटी म्हणाली, “वाटणीची खूण हाय, पुसलीच पायजे. आता आमी एक हाय.” थोरला म्हणाला, “पुसून काय व्हतंय? वाटणी झाली का न्हाई? झाली. मग खोटं कशाला दावायचं?” दोघंही मनानं चांगली. मला विचारलं, “दादा, तुमीच सांगा.”

मी आधी थोरल्याच्या बाजूचा होतो. माणसानं झालेलं नाकारू नये. जुना तलाठी सातबाऱ्यावरचं नाव खरवडून काढत नसे. जमीन विकली, कर्ज फिटलं, की त्या नावाला नाहीतर बोजाला कंस करायचा आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकायचा. कंसातलं नाव वाचता येतं, पण त्याचा हक्क चालत नाही. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. खरवडलेलं दिसलं की माणसाला संशय येतो. कंस दिसला की कळतं, इथं काहीतरी होतं आणि ते रीतसर संपलं.

पण वाकळ म्हणजे दप्तर नव्हे. तिच्यावर लेकरू झोपायचं आहे. म्हणून मी दुसऱ्या बाजूनं बघितलं, की खूण कशासाठी घातली होती. पूर्वी परीट कपड्यांवर बिब्ब्याची खूण करायचा. बिब्ब्याच्या टरफलात काळं जळजळीत तेल असतं, अंगाला लागलं तर फोड येतात. त्याला चुन्याची जोड दिली की कापडावर असं बसतं की कापड फाटेल पण खूण जाणार नाही. इंग्रजीत बिब्ब्याला नावच खुणेचं फळ अशा अर्थाचं आहे. ती खूण कशासाठी? शंभर घरचे कपडे एका घाटावर आले तरी ज्याचा सदरा त्याच्या घरी परत जावा म्हणून. वारीला जाणारा वळकटीवर नाव आणि दिंडीचा नंबर घालतो तेही त्याचसाठी, ट्रकमधनं उतरवताना आपली आपल्याला मिळावी. मतदानाच्या शाईचं थोडं निराळं. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, 1962 च्या निवडणुकीपासून ती वापरतात, आणि ती घासून जात नाही. नख वाढून पुढं गेलं की मगच जाते. म्हणजे तिची मुदत अंगातच ठरलेली.

वाकळेवरच्या ‘धा’ला मुदत नव्हती. आणि ती परत येण्यासाठीही नव्हती, दुसऱ्याच्या घरात जाऊ नये यासाठी होती. बिब्बा तोच, पण आपल्या भाषेत बिब्बा घालणं म्हणजे चाललेल्या कामात मोडता घालणं असाही अर्थ आहे, तो उगाच आला नसावा. जी खूण माणसाला लांब ठेवायला घातली, तिचं काम संपल्यावर ती घालवायला हरकत नाही, असं माझं मत झालं. घालवता येत नसेल तर वर ठिगळ लावा म्हणालो. थोरला लगेच म्हणाला, “म्हंजी झाकायचंच की.” मी म्हणालो, बाबा, विकायच्या मालावर ठिगळ लावून डाग झाकला तर ती फसवणूक. घरातल्या वाकळेवर ठिगळ लावलं तर कोण फसलं? सगळ्यांना माहीत आहे खाली काय आहे. अख्खी वाकळच ठिगळांची. तुझ्या बापाचं धोतर आत आहे, ते काय लाजेनं लपवलंय?

हे दोघांनाही पटलं, आणि मीही जरा स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात बहीण बोलली. ती बाळाला बघायला आलेली, इतका वेळ चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यापाशी बसलेली. म्हणाली, “तुमची नावं पुसायची का ठिवायची ते तुमी बघा. माझं तर कुटल्याच वाकळंवर लिवलं न्हाई.”

कुणी काही बोललं नाही. कायद्यानं महाराष्ट्रात 1994 साली लेकींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाबरोबरीचा हिस्सा दिला, सगळ्या देशात 2005 ला. पण खेड्यात कायदा येतो तो हक्कसोडपत्राचा कागद बरोबर घेऊन येतो. तिनं सही केली होती. जमिनीवर केली होती. वाकळांबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि आईच्या मांडीला मांडी लावून त्या वाकळांतल्या निम्म्यांना टाके घातले होते ते तिनं. सुना तर नंतर आल्या.

आमची सगळी चर्चा जे लिहिलं होतं त्याच्यावर चाललेली. थो, म, धा. जे लिहिलंच गेलं नाही त्याला कोणतं स्पिरिट लावायचं? पुसलेल्याचा निदान ढग राहतो. मी सातबाऱ्याच्या कंसाचं एवढं कौतुक केलं, पण कंस करायलाही आत आधी नाव असावं लागतं.

थोरला उठला, आत गेला आणि आपल्या वाट्याची एक वाकळ आणून बहिणीपुढं ठेवली. तिनं ती उलटून बघितली. कोपऱ्यात ‘थो’ ठळक होतं. म्हणाली, “ही नको, तीच द्या,” आणि ढगाळ कोपऱ्याच्या वाकळेकडं बोट केलं. धाकटी म्हणाली, “वन्सं, ती खराब झालीय, बाळालाबी मी आता दुसरीच देणार हाय.” ती म्हणाली, “ती इरकल आईनं माझ्या बारशाला नेसलेली हाय.”

आता ती वाकळ तिच्या सासरी आहे. ठिगळ लावायला धाकटीनं खणाचा तुकडा बरोबर दिला होता. दिवाळीत मी त्या गावाला गेलो तेव्हा वाकळ वलनीवर होती, कोपरा तसाच काळानिळा. ठिगळाचं विचारलं तर म्हणाली, सवड झाली नाही, सोयाबीन काढायचं चाललंय.