विचारणाऱ्याचे ऋण

आषाढी जवळ आली, की ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या वेळापुरी मुक्कामाला येते. त्या दिवशी गावात कोणी परका राहत नाही. जो भेटेल तो माउली. अशाच एका मुक्कामात आमच्या ओसरीवर टेकलेल्या एका म्हातारीने जे विचारले, ते आज फराळाचे ताट समोर असतानाही मनातून जात नाही.

तिचा तरणा मुलगा एकाएकी अबोल झाला होता. पुढे तो भिंतीशी बोलू लागला. देवऋषी झाले, अंगारे झाले. अखेर त्याला शहरातल्या दवाखान्यात नेले. तिथे एका तरुण डॉक्टरने तासभर प्रश्न विचारले, कागद भरले, ‘हे माझ्या अभ्यासासाठी’ असे सांगून अंगठा घेतला. पुढच्या खेपेला तो तिथे नव्हता. म्हातारी म्हणाली, “त्येचा अभ्यास झाला असंल बाबा. पर माझ्या लेकराचं काय झालं, ते इचारायला कुणी आलं न्हाई.”

त्या तरुणाला दोष देणे सोपे आहे. मनोविकारशास्त्रात एम.डी. होण्यासाठी तीन वर्षे लागतात आणि त्यात प्रबंध सक्तीचा असतो. बाहेर रुग्णांची रांग, रात्रीची पाळी आणि त्यातूनच वेळ चोरून केलेला प्रबंध. तो बांधला जातो, कपाटात जातो आणि तिथेच राहतो.

कोणी म्हणेल, मग हा खटाटोप हवाच कशाला? 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना मनोविकार आढळला, आणि प्रमुख विकारांत दहांपैकी सातांहून अधिक जण उपचारांवाचून होते. अशा दुष्काळात पाणी वाटायचे सोडून विहिरीची खोली मोजत बसावे काय?

प्रश्न रास्त आहे. पण आम्ही माळशिरस तालुक्यातली माणसे; खोली न मोजता पाणी वाटणाऱ्याची वैशाखात काय गत होते, हे आम्ही पाहिले आहे. मनाच्या औषधोपचारातही तेच घडले. 1933 च्या सुमारास व्हिएन्नाच्या मानफ्रेड साकेल यांनी इन्सुलिन देऊन रुग्णाला बेशुद्ध करण्याचा उपचार पुढे आणला. तो देशोदेशी पसरला. त्यात काही रुग्ण दगावलेही. मग लंडनच्या डॉक्टरांनी काही रुग्णांना इन्सुलिन आणि काहींना केवळ झोपेचे औषध देऊन तुलना केली. 1957 साली निष्कर्ष छापला गेला : दोन्हींत फरक नाही! इतकी वर्षे हा उपचार करणारे काही निर्दय नव्हते. त्यांच्याजवळ दया होती, तराजू नव्हता. नुसती दया कधी कधी फार महाग पडते, आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.

उलट उदाहरण आपल्या शेजारचे, गोव्याचे. तिथे 24 दवाखान्यांत एक प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून उदासीनतेने व चिंतेने ग्रासलेल्यांशी बोलायला बसवले. 2010 साली निष्कर्ष आले : सरकारी केंद्रांत अधिक माणसे बरी झाली, खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक पडला नाही. या निष्कर्षाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. आपल्या मनाविरुद्ध आलेले उत्तर जसेच्या तसे लिहून ठेवणे, हेच संशोधनाचे शील. ते आपोआप येत नाही. त्यासाठी प्रश्न नीट विचारायला शिकवणारा गुरू लागतो, गणित लागते, आणि रांगेतून हक्काने मोकळा करून दिलेला वेळ लागतो. ते न देता प्रबंध मागणे म्हणजे शेत न देता पीक मागणे.

पण म्हातारीच्या प्रश्नाचे काय? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती संशोधनाला आवश्यक ठरवली. ज्याला ती देता येत नाही, त्याच्या बाबतीत राज्याच्या प्राधिकरणाची परवानगी लागते. हे योग्यच झाले. तथापि कायदा अंगठ्यापर्यंतच पोचतो. अंगठा घेतल्यावर पुन्हा त्या उंबऱ्याशी जावे, हे कायदा शिकवू शकत नाही. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आहे. ज्याने आपले दुखणे उघडे करून दाखवले, त्याचेही एक ऋण असते. ‘बाई, तुमच्याकडून हे कळले, हे अजून कळले नाही’ एवढे सांगितल्याने ते फिटत नसेल. पण निदान मान्य तरी होते. तरुण डॉक्टरला संशोधक करताना हा धडा आकडेमोडीच्या आधी द्यावा, असे मला वाटते.

आमच्या गावचा देव अर्धनारीनटेश्वर. एकाच रूपात दोन अर्धी. एक तासून काढावे तर दुसरेही उरत नाही. सेवा आणि संशोधन यांचे नाते मला तसेच दिसते.

म्हातारी दुसऱ्या दिवशी पालखीबरोबर भंडीशेगावच्या वाटेला लागली. जाताना तिने पुन्हा काही विचारले नाही. विचारायची पाळी आता आपली आहे.