पट्टी सुटताना

भाजलेल्या माणसाला ड्रेसिंगचं विचारून पाहा. बरेच जण सांगतील, एकदा भाजलं ते भाजलं, पण ड्रेसिंगची ट्रॉली रोज येते.

जखमेतून पाझरणारं पाणी गॉझच्या जाळीत शिरतं, वाळतं आणि कापड जखमेला धरून बसतं. दुसऱ्या दिवशी ते ओढलं की रात्रीतून धरलेली कोवळी कातडीही त्याच्याबरोबर निघते. रक्त येतं, त्यावर पुन्हा कोरडं गॉझ बसतं, की उद्याची सोय झाली! वॉर्डभर ड्रेसिंग्ज उरकायची असताना सलाईन ओतून पाच मिनिटं थांबणं परवडत नाही, हे मला समजतं. पण ओढून वाचवलेली मिनिटं जखम पुढे दिवसांच्या हिशेबात वसूल करते.

खरा वेळ वाचतो तो पट्टीला हात लावण्याआधी. वेदनाशामक गोळी वेळेवर, म्हणजे ट्रॉली दारात यायच्या आधी दिलेली असावी. चिकटपट्टीचे तुकडे कापलेले, नवं गॉझ उलगडलेलं, स्वच्छ जखमांचे पेशंट आधी आणि पू असलेले शेवटी. जखम उघडी टाकून कात्री शोधायला गेलेला माणूस वेळ तर घालवतोच, जखमही गार करतो. गार पडलेल्या जखमेत पेशींची वाढ मंदावते.

आणि मुळात पट्टी रोज सोडायलाच हवी का? ‘हवा लागू दे, सुकू दे’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांचा अभ्यास ‘नेचर’मध्ये मांडला. काही जखमा उघड्या ठेवल्या होत्या, काहींवर पॉलिथीनचा पातळ पापुद्रा होता. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी साधारण दुप्पट वेगाने आली. उघड्या जखमेवर खपली धरते आणि नव्या पेशींना त्या कोरड्या थराखालून वाट काढत जावं लागतं. ओल्या जखमेत त्या सरळ पुढे सरकतात.

न चिकटणारी, ओल धरणारी ड्रेसिंग्ज आता बाजारात भरपूर मिळतात, फक्त खिशाला सोसत नाहीत. इथे मुंबईचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. वाडिया बालरुग्णालयातले डॉ. केसवानी यांनी ऐंशीच्या दशकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरून पाहिल्या. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. पान बँडेजच्या कापडावर चिकटवायचं, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचं आणि जखमेवर ठेवायचं. गरम भात ज्याला चिकटत नाही, त्याला जखम तरी कशी चिकटणार? 2003 मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. व्हॅसलीन गॉझच्या तुलनेत पानाचं ड्रेसिंग काढताना पेशंटला कमी दुखत होतं. (परसातलं पान तोडून घरच्या घरी भाजल्यावर लावायचा हा सल्ला नव्हे. मध्ये ऑटोक्लेव्ह आहे म्हणून ते ड्रेसिंग आहे.)

मात्र ‘कमी वेळा सोडा’ हा नियम करून ठेवला तर तोही आंधळाच होईल. वास येत असेल, ताप असेल, पट्टी वरपर्यंत भिजली असेल तर ती त्याच क्षणी सुटायला हवी. मधुमेही पायाचं तर सगळं उलटं. तिथली संवेदनाच बऱ्याचदा गेलेली असते, त्यामुळे चिकटलेलं गॉझ खसकन ओढलं तरी माणूस शांतपणे शेजारच्याशी गप्पा मारत राहतो आणि ड्रेसिंग झटपट झाल्याचं समाधान सगळ्यांनाच मिळतं. उखडलेली कोवळी कातडी तेवढी चिमट्यातल्या गॉझला लागून किडनी ट्रेमध्ये जाते. तिथे पट्टी ठरल्या दिवशी सोडायचीच, आणि तो हूं की चूं करत नसला तरी भिजवूनच सोडायची.