पेरण्यापूर्वीं बीं पारखावें

वाचनाचा पाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय ८, वचनें ४ ते १५



पेरणाऱ्याचा दृष्टांत आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस समजावून सांगण्याचें काम उपदेशकास फारसें पडत नाहीं. वाटेवर पडलेला दाणा पांखरें कशीं टिपून नेतात, मुरमाड जागेवरचें रोप दोन उन्हांत मान कशी टाकतें, आणि हरळी-कुंद्यांत सांपडलेलें पीक कसें गुदमरतें, हें नांदेड व लातूर जिल्ह्यांतील लहान लेंकरांसही ठाऊक आहे. तथापि या दृष्टांतांत एक गोष्ट अशी आहे कीं, तिच्याकडे आपलें लक्ष बहुधा जात नाहीं. चारही ठिकाणीं पडलेलें बीं एकच होतें, आणि तें जिवंत होतें. जी हानि झाली ती वाटेमुळें, खडकामुळें व कांट्यांमुळें झाली. बियाण्यामुळें झाली नाहीं. प्रभूच्या कथेंतील पेरणाऱ्यास आपल्या ओटींतील दाण्याविषयीं शंका घेण्याचें कारणच पडलें नाहीं.

आपल्या मराठवाड्यांतील पेरणाऱ्यावर मात्र तीही पाळी आली. सन २०२० च्या खरिपांत जमीन तयार होती, मृगाचा पाऊसही बरा झाला होता, आणि लोकांनीं मोठ्या आशेनें सोयाबीन पेरलें. आठ दिवस गेले तरी पुष्कळ शेतांत तास दिसेनात. माती उकरून पाहतां दाणा फुगून कुजलेला आढळला. गांवोगांवच्या तक्रारी कृषिखात्याकडे गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली. परंतु न्यायाची गति आणि पेरणीचा हंगाम यांची गांठ सहसा पडत नाहीं. ज्याच्यापाशीं दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, त्यास दुसऱ्यांदा बीं, दुसऱ्यांदा खत व दुसऱ्यांदा ट्रॅक्टरचें भाडें, हें सर्व उसनवारीनें उभें करावें लागलें. दुबार पेरणी हा शब्द बोलावयास लहान आहे. पण त्यांत एका कुटुंबाच्या वर्षभराच्या मीठमिरचीचा पैसा बुडतो.

अशा वेळीं माणसाच्या मनांत प्रश्न उठतो कीं, हें आमच्याच पदरीं कां? देवानें आमच्यावर रोष धरिला आहे काय? कोणी नशिबास बोल लावितो, कोणी नव्यानें घरांत आलेल्या सुनेच्या पायगुणास. बंधूंनो, असलें बोलणें आपण सर्वथा टाकून द्यावें. या हानीचें कारण आकाशांत लपलेलें नव्हतें. सन २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत काढणीच्या ऐन वेळीं पाऊस झाला, शेंगा भिजल्या, आणि पुढच्या सालचें बियाणें अशाच भिजल्या पिकांतून निघालें. सोयाबीनच्या दाण्याचें साल फार पातळ असतें व अंकुर त्या सालाच्या लगत असतो. भिजल्यानें, मळणीयंत्राच्या माऱ्यानें किंवा पोतें उंचावरून आदळल्यानें तो अंकुर मरतो. दाणा मात्र वरून गोमटा दिसत राहतो. पाऊस पाडतांना देव शेताच्या धन्याचा धर्म-अधर्म पाहत नाहीं, ही तर प्रभूचीच शिकवण आहे. मग न उगवलेल्या शेताकडे बोट दाखवून त्या धन्यास पापी ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

तर मग आपण काय करावें? तीन गोष्टी आम्ही आपणांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट पारखीची. कित्येक भोळे बंधु म्हणतात कीं, देवाचें नांव घेऊन पेरलें म्हणजे झालें; तपासत बसणें हा अविश्वास होय. असें मुळींच नाहीं. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अजमास घ्यावा, हें सांगणारा प्रभूच आहे. बियाण्याची परीक्षा तर बिनखर्चाची आहे. तागाचें एक पोतें धुऊन ओलें करावें. पोत्यांत हात घालून येतील ते शंभर दाणे घ्यावे, आणि दहा-दहांच्या ओळींनीं त्या ओल्या तागावर मांडावे. वर ओला कपडा घालून त्याची वळकटी करावी, सावलींत ठेवावी, व रोज पाणी शिंपडावें. सहा-सात दिवसांनीं उघडून निरोगी कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरीं तीस किलो बीं पुरे. सत्तरांहून कमी आणि साठांपर्यंत उगवले तर बीं त्या मानानें वाढवावें, म्हणजे साठांस एकरीं पस्तीस किलो होतें. साठांच्याही खालीं असेल तर तें बियाणें पेरूं नये. तेल काढण्यास जाऊं द्यावें.

या कामांत एक सूक्ष्म मोह आहे. शंभर दाणे घेतांना हात नकळत टपोऱ्या दाण्यांकडे वळतो. अशा निवडलेल्या दाण्यांची परीक्षा उत्तम उतरते, आणि शेत मात्र नापास होतें. आत्मपरीक्षेंतही आपण असेंच करितों. रविवारचें आपलें वर्तन निवडून देवापुढें मांडितों, आणि बाजारच्या दिवसाचें पोत्यांतच राहूं देतों. परीक्षा करावयाची तर हातांस येईल तें घेऊनच करावी.

सोयाबीनचें फूल आपल्याच परागानें फळतें, म्हणून एकदां प्रमाणित बियाणें आणिलें कीं त्याच्या पिकांतून निवडलेलें बीं पुढें दोन वर्षें घरचेंच वापरतां येतें. दरसाल पिशवी विकत घ्यावी लागत नाहीं. मात्र तें मळतांना यंत्राचा वेग कमी ठेवावा, नीट वाळवावें, व पोत्यांची थप्पी सातांहून उंच करूं नये. आणि पिशवी विकत घेतलीच, तर पावती, पिशवी, तिच्यावरची खूणचिठ्ठी व मूठभर दाणे पीक हातीं येईपर्यंत जपून ठेवावे. उगवण झाली नाहीं तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढें हेच साक्षीदार उभे राहतात.

दुसरी गोष्ट धीराची. पाऊण ते एक हात ढेंकूळ भिजल्यावांचून पेरूं नये, असें आपले वडील म्हणत. कृषिखातें तेंच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस या मापानें सांगतें. हें ठाऊक नाहीं असा शेतकरी विरळा. तरी पहिल्या सरीनंतर शेजाऱ्याच्या वावरांत पेरणीयंत्र फिरूं लागलें कीं आपलेंही मन चळतें. मग पावसाचा खंड पडतो, अर्धवट ओलींत दाणा फुगतो, आणि चांगलें बीं देखील मरून जातें. जुलैच्या मध्यापर्यंत सोयाबीन पेरतां येतें. आठ दिवस थांबल्यानें हंगाम जात नाहीं.

पण खरें सांगावयाचें तर गरिबाचा धीर त्याच्या स्वभावावर फारसा अवलंबून नसतो. तो त्याच्या देण्यावर अवलंबून असतो. सन २०२४-२५ च्या हंगामांत सरकारनें सोयाबीनास क्विंटलमागें ४८९२ रुपये हमीभाव जाहीर केला होता. लातूरच्या नामांकित बाजारांतही भाव पुष्कळ दिवस त्याच्या खालींच राहिला. सरकारी खरेदीस दाण्यांतील ओलावा १२ टक्क्यांच्या आंत हवा होता. पुढें त्या हंगामापुरता तो १५ टक्क्यांपर्यंत चालेल असें ठरलें. चार दिवस खळ्यावर ऊन देणें व खरेदीची वाट पाहणें, एवढेंच काम होतें. पण ज्याच्या दारांत सावकार उभा, त्यास तेवढाही धीर धरवत नाहीं. तो ओलाच माल गाडींत घालतो, व पडेल त्या भावानें देऊन येतो. म्हणून आम्ही म्हणतों, कर्जाचें व्याज केवळ रुपयांत द्यावें लागत नाहीं. तें धीराच्या रूपानेंही द्यावें लागतें.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, आणि तिच्याविषयीं बोलणें आम्हांस सर्वांत अगत्याचें वाटतें. ओझें एकट्यानें वाहूं नये. पाऊस कधीं येतच नाहीं. सन २०१६ च्या एप्रिलांत लातुरास पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें. कधीं तो आवरत नाहीं. सन २०२५ च्या ऑगस्टांत मुखेड तालुक्यांत गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि सप्टेंबरांत मांजरा व गोदावरीच्या कांठचें उभें पीक वाहून गेलें. अशा वर्षीं घरचा कर्ता पुरुष बोलेनासा होतो. पोरीचें लग्न, सोसायटीचें कर्ज, खाजगी व्याज, सर्व तो मनांत ठेवितो, आणि बायकोसही आकडा कळूं देत नाहीं. मराठवाड्यांत दरसाल शेंकडों शेतकरी आपल्या हातानें आपला जीव देतात. त्यांच्या घरीं सांत्वनास जातां बहुतेक वेळां एकच वाक्य कानीं पडतें, कीं एवढें देणें होतें हें आम्हांस ठाऊकच नव्हतें.

दुसऱ्या राजांच्या ग्रंथांत एका विधवेची गोष्ट आहे. सावकार तिचीं दोन्ही मुलें दास करून नेण्यास आला होता. ती आपलें दुःख लपवून बसली नाहीं; तिनें तें अलीशा संदेष्ट्यास सांगितलें. त्यानें प्रथम तिच्या घरांत काय उरलें आहे तें विचारिलें, व मग तिला शेजाऱ्यांकडे भांडीं मागावयास पाठविलें. तेल देवानें वाढविलें हें खरें. परंतु तें सांठविण्यास भांडीं शेजाऱ्यांचीं लागलीं. नहेम्याच्या ग्रंथाचा पांचवा अध्यायही उघडून पाहावा. दुष्काळांत धान्यासाठीं शेतें गहाण पडलीं होतीं, आणि व्याज घेणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्यानें त्यांस सभेंत उभें करून शेतें परत देवविलीं. आमच्या मंडळ्यांतही कोणी अडलेल्या भावाकडून महिन्याचें व्याज घेत असेल, तर त्यानें हा अध्याय प्रभुभोजनास येण्यापूर्वीं वाचावा. आणि परवान्यावांचून सावकारी करणाऱ्यानें कोणाची जमीन लिहून घेतली असेल, तर सन २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानें जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागतां येते, हें उपदेशकांनीं लोकांस सांगावें.

घरांत काय आहे, या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां बाईच्या हातीं असतें. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत काम करूं लागलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें शेतकरी स्त्रियांस एक साधी रीत शिकविली. घरच्या जमिनींतून अर्धा-एक एकर बाईनें आपल्याकडे मागून घ्यावा, त्यांत भाजीपाला, कडधान्य व ज्वारी-बाजरी मिळून लावावी, खत घरचें घालावें, आणि घर जेवून उरेल तें विकावें. सोयाबीन बुडालें तरी त्या एकरावर चूल पेटती राहते. सन २०१६ सालीं या संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. आमच्या बंधूंनीं यांत आपला कमीपणा मानूं नये. सर्व दाणे एकाच तासांत टाकणें हें शौर्य नव्हे.

आतां एक विनंति. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या बियाण्यांतील शंभर दाणे मंदिरांत आणावे. उपासना आटोपल्यावर मंडळीच्या वडिलांनीं त्यांच्या वळकट्या नांवें घालून एकत्र ठेवाव्या, आणि पुढच्या रविवारीं सर्वांसमक्ष उघडून मोजाव्या. ज्याचे नव्वद उगवले त्यानें ज्याचे चाळीस उगवले त्यास बीं द्यावें, व सुगीनंतर जितक्यास तितकें परत घ्यावें, सवाईनें नव्हे. ज्याच्याकडे बैल नाहीं त्याच्या शेतावर इर्जीक करून एक दिवस सर्वांनीं जावें. आणि मोजणी चालली असतां ज्याची वळकटी मेलेली निघेल, त्याच्याजवळ वडिलांपैकीं एकानें बसावें व हळूच विचारावें कीं, दादा, देणें किती आहे? हा प्रश्न वेळेवर विचारिला गेला, तर एखादें घर उभें राहील.

दृष्टांतांतील चांगल्या जमिनीनें शंभरपट दिलें. आमच्या काळ्या रानानें तेवढें दिलें नाहीं तरी चालेल. पेरणाऱ्यांपैकीं एकही हंगाम संपण्यापूर्वीं हरवूं नये, एवढें आम्ही देवापाशीं मागतों. तो आपणां सर्वांस पारख, धीर व एकमेकांची संगत देवो. आमेन.