धुळीआडचं वय

एक तारा घ्या. जन्मून जेमतेम काही लाख वर्षं झालेली, भोवती धुळीची आणि वायूची तबकडी. दुर्बिणीतून बहुतेकदा तो नुसता ठिपकाच दिसतो. हाती येतात वेगवेगळ्या तरंगलांबींवरचे दहा-बारा आकडे. बाकी सगळं कम्प्युटरवर. ताऱ्याचं तापमान भरा, तबकडीचं वस्तुमान, तिची आतली कडा, धुळीच्या कणांचा आकार, आणि आपण तिच्याकडे कुठल्या कोनातून बघतोय तेही. मग प्रोग्रॅम ताऱ्यातून प्रकाशाची लाखो पुडकी सोडतो. धूळ ती गिळते, तापते आणि अवरक्त प्रकाश बाहेर टाकते. निघालेला आलेख निरीक्षणांवर बसला की मॉडेल जमलं.

जमलं म्हणजे खरं ठरलं का?

२००६ साली थॉमस रोबिताय आणि सहकाऱ्यांनी अशी २०,००० मॉडेल्स, प्रत्येकी १० कोनांतून, म्हणजे २ लाख आलेख सगळ्यांसाठी खुले केले. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या खगोलशास्त्रज्ञांनीही ते वापरले. अडचण अशी, की एकाच ताऱ्याला अनेक मॉडेल्स बसतात. तबकडी कडेकडून दिसली तर धूळ ताऱ्याला झाकते, आणि बऱ्यापैकी मोठा झालेला ताराही कोषातल्या बाळासारखा भासतो.

समजा, वर्ध्याच्या एखाद्या वसतिगृहात एम.एस्सी.ची मुलगी लॅपटॉपवर हेच करतेय. तिच्या ताऱ्याला नऊ मॉडेल्स बसली, नऊ वेगळी वयं निघाली. गाईड म्हणतात, एक आकडा दे.

तिथून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. तिथे राहायला येण्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ मध्ये, गांधीजींनी ‘यंग इंडिया’त जैनांचा अनेकान्तवाद आपल्याला आवडतो असं लिहिलं होतं. त्याचा सोयीचा अर्थ आपण ‘सगळ्यांचंच बरोबर’ असा लावतो (व्हॉट्सॲपवर तर हमखास). मॉडेल्स असं म्हणत नाहीत. दोन लाखांतली बरीचशी सरळ बाद होतात. प्रश्न उरलेल्या मूठभरांचा असतो: त्यांतलं सगळ्यात नेटकं उचलून बाकीची लपवायची का?

रोबिताय यांनी २०१७ साली नवा संच काढला, तेव्हा ताऱ्याच्या उत्क्रांतीशी बांधलेली, म्हणजे वयासारखी, परिमाणं त्यातून मुद्दाम वगळली. स्वतःच्याच गाजलेल्या कामातला सगळ्यात आकर्षक आकडा काढून टाकणं मला मोठं धाडस वाटतं.

पण ते नाव झालेल्या माणसाला परवडतं. त्या मुलीने प्रबंधात नऊही ओळी ठेवल्या, तर परीक्षक विचारणार, निष्कर्ष काय? शेजारच्या टेबलावर एकच आकडा छापणारा मुलगा तोवर पीएच.डी.चा फॉर्म भरत असेल.